संहतीचं गणित: रेघेच्या वर काय, रेघेच्या खाली काय

सलाईनच्या बाटलीवरचं लेबल नीट वाचलंत तर एकाच मिठाबद्दल दोन आकडे दिसतील. सोडियम क्लोराइड ०.९ टक्के, आणि त्याच्या खाली सोडियम १५४, दर लिटरला. दोन्ही बरोबर आहेत. पहिल्या आकड्यात मीठ ग्रॅममध्ये मोजलं आहे आणि द्रावण १०० मिलीच्या हिशोबानं. दुसऱ्यात मीठ मिलिमोलमध्ये (म्हणजे कणांच्या मोजणीत, ते पुढे येईलच) आणि द्रावण लिटरमध्ये. लिटरला ९ ग्रॅम मीठ, मिठाचं रेणुवस्तुमान ५८.४४, म्हणून ९ ÷ ५८.४४ = ०.१५४ मोल, म्हणजे १५४ मिलिमोल.

संहती म्हणजे मुळात एक भागाकार. रेघेच्या वर विरघळलेला पदार्थ किती, रेघेच्या खाली द्रावण किती. अकरावी-बारावीला मात्र टक्केवारी, मोलारिटी, मोलॅलिटी, नॉर्मॅलिटी, मोल-अंश, पीपीएम अशी सूत्रांची रांग लागते. मुलं ती पाठ करतात आणि गणित समोर आलं की नेमकं कुठलं लावायचं इथेच अडतात. माझा आग्रह असा की सूत्राला शेवटी बोलवावं. आधी कागदावर एक आडवी रेघ मारा. वर काय लिहायचं आणि खाली काय लिहायचं हे एककासकट ठरवा. गुणाकार-भागाकार मोबाईल करून देतो. घोळ होतो तो या दोन जागांवर.

छेदात पाणी नाही, द्रावण

खालच्या जागेपासून सुरुवात करू, कारण तिथली चूक दिसत नाही.

समजा १ लिटर पाण्यात ५०० ग्रॅम साखर विरघळवली. संहती किती? पटकन येणारं उत्तर: लिटरला ५०० ग्रॅम. ते चूक आहे. साखर विरघळली म्हणून तिची जागा नाहीशी होत नाही; पाक सुमारे १.३ लिटर भरतो. म्हणजे लिटरला जेमतेम ३८० ग्रॅम. वजनाच्या भाषेत बोलायचं तर ५०० ग्रॅम साखर आणि १००० ग्रॅम पाणी मिळून १५०० ग्रॅम पाक, म्हणून ५०० ÷ १५०० = ३३.३ टक्के. आकारमानाच्या भाषेत तोच पाक साधारण ३८ टक्के. एकच पातेलं, दोन टक्केवाऱ्या, आणि दोन्ही खऱ्या.

म्हणून नुसतं ‘टक्के’ लिहिणं अर्धवट आहे. टक्के तीन प्रकारचे असतात: वजनास वजन (१०० ग्रॅम द्रावणात इतके ग्रॅम), आकारमानास वजन (१०० मिली द्रावणात इतके ग्रॅम) आणि आकारमानास आकारमान (१०० मिलीत इतके मिली). औषधांच्या लेबलावर डब्ल्यू/डब्ल्यू, डब्ल्यू/व्ही, व्ही/व्ही अशी अक्षरं असतात ती हीच. सलाईनचे ०.९ टक्के डब्ल्यू/व्ही असतात. पातळ द्रावणांत या भेदानं फारसं बिघडत नाही, कारण १ लिटर पाण्याचं वजन जवळजवळ १ किलो असतं. दाट द्रावणांत बिघडतं.

दोन द्रव मिसळताना तर आणखी गंमत. ५० मिली अल्कोहोल आणि ५० मिली पाणी एकत्र केलं तर १०० मिली भरत नाही, ९६-९७ मिलीच्या आसपास भरतं. म्हणून प्रयोगशाळेत पाणी मोजून ओतत नाहीत, द्रावण खुणेपर्यंत भरतात. पदार्थ चंचुपात्रात थोड्या पाण्यात विरघळवायचा, व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ओतायचा, चंचुपात्र दोन-तीनदा विसळून ते पाणीही फ्लास्कमध्येच घालायचं (विसळलेलं पाणी सिंकमध्ये गेलं की अंशातला पदार्थ गेला), खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं आणि मग मानेवरच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं. शेवटचे थेंब ड्रॉपरनं. डोळा खुणेच्या पातळीत. बूच लावून फ्लास्क उलटासुलटा करायला विसरू नका, नाहीतर तळाला एक संहती आणि मानेत दुसरी.

छेदात खरोखर नुसतं द्रावक येतं असं एकच नेहमीचं एकक आहे: मोलॅलिटी. तिथे दर किलो द्रावकात किती मोल हे पाहतात. वजन तापमानानं बदलत नाही, म्हणून उत्कलनांक-गोठणांकाच्या गणितांत ती वापरतात. बाकी सगळीकडे खाली द्रावणच.

जलसंजीवनीचं पाकीट उघडून

आता एक पूर्ण गणित करू. हाताशी ओआरएसचं १ लिटरचं पाकीट घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्राप्रमाणे त्यात हे असतं:

सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम
पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम
ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट २.९ ग्रॅम
निर्जल ग्लुकोज १३.५ ग्रॅम

एकूण २०.५ ग्रॅम. पाकिटावर मात्र सोडियम ७५, क्लोराइड ६५, ग्लुकोज ७५, पोटॅशियम २०, सायट्रेट १० आणि एकूण २४५ असेही आकडे असतात. ग्रॅमवरून तिथपर्यंत कसं पोचायचं?

प्रत्येक पदार्थाचे ग्रॅम त्याच्या रेणुवस्तुमानानं भागा. मोल म्हणजे कणांची मोजणी (एका मोलमध्ये ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण), आणि रेणुवस्तुमान सांगतं की एवढ्या कणांचं वजन किती ग्रॅम होईल.

मीठ: २.६ ÷ ५८.४४ = ०.०४४५ मोल = ४४.५ मिलिमोल
पोटॅशियम क्लोराइड: १.५ ÷ ७४.५५ = २०.१ मिलिमोल
सायट्रेट: २.९ ÷ २९४.१ = ९.९ मिलिमोल
ग्लुकोज: १३.५ ÷ १८०.१६ = ७४.९ मिलिमोल

द्रावण १ लिटर, म्हणून हेच आकडे मिलिमोल दर लिटर. यांना १००० नं भागलं की मोलारिटी. ग्लुकोज ०.०७५ मोलार, वगैरे.

पुढची पायरी बरेच जण गाळतात. क्षार पाण्यात अख्खे राहत नाहीत, सुटे होतात. मिठाच्या एका कणातून एक सोडियम, एक क्लोराइड. ट्रायसोडियम सायट्रेटमधून तीन सोडियम आणि एक सायट्रेट. म्हणून सोडियमची बेरीज ४४.५ + (३ × ९.९) = ७४ च्या आसपास, छापलेला आकडा ७५. क्लोराइड ४४.५ + २०.१ = ६४.६, छापलेला ६५. पाचही आकडे मिळवले की ७५ + ६५ + ७५ + २० + १० = २४५. ही ऑस्मोलॅरिटी, म्हणजे लिटरमागे एकूण विरघळलेले कण, मिलिमोलमध्ये.

हे गणित नुसतं कागदावरचं नाही. पाकीट १ लिटरऐवजी अर्ध्या लिटरमध्ये घोळलं तर रेघेच्या वरचं सगळं तेच राहतं, खालचं अर्धं होतं. सोडियम १५०, एकूण ४९०. रक्ताची ऑस्मोलॅरिटी २९० च्या जवळपास असते. तिच्याहून इतकं दाट पाणी आतड्यात गेलं की शरीरात पाणी शोषलं जाण्याऐवजी आतड्याकडेच ओढलं जातं. ‘जरा कडक करून देते, लवकर गुण येईल’ हा आजीबाईंचा विचार इथे उलटा पडतो. २०० मिलीची छोटी पाकिटंही मिळतात. ती लिटरभर पाण्यात टाकली तर उलटी चूक. पाकिटावर किती पाणी लिहिलंय ते आधी वाचा आणि पूर्ण पाकीट एकदमच घोळा. अर्धी पूड पाकिटात शिल्लक ठेवू नका; चार पदार्थांचं मिश्रण हलताना सारखं राहीलच याचा भरवसा नसतो.

वरची जागा: पदार्थ नक्की कोणता?

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांच्या पथकानं तोंडावाटे द्यायचं द्रावण पिंपांत कालवलं: लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खायचा सोडा. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या सूत्रात ग्लुकोज २० ग्रॅम आहे. मग २ ग्रॅम गेले कुठे?

कुठेच नाही. बाजारी ग्लुकोज मोनोहायड्रेट असतं, म्हणजे प्रत्येक रेणूला पाण्याचा एक रेणू चिकटलेला. त्याचं रेणुवस्तुमान १९८.१७, निर्जल ग्लुकोजचं १८०.१६. म्हणून २२ × १८०.१६ ÷ १९८.१७ = २० ग्रॅम. दोन्हीकडे १११ मिलिमोल. सोडियमही करून पाहा: मिठातून ३.५ ÷ ५८.४४ = ५९.९, सोड्यातून २.५ ÷ ८४ = २९.८, मिळून ९० ला टेकतं. जुन्या पाकिटावर सोडियम ९० च असायचं.

हाच सापळा मोरचुदात आहे. निळा मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेटला पाण्याचे पाच रेणू, रेणुवस्तुमान २४९.७. निर्जल कॉपर सल्फेट पांढरं, १५९.६. तुम्हाला ०.१ मोलार द्रावण २५० मिली करायचं असेल तर

०.१ × ०.२५० × २४९.७ = ६.२४ ग्रॅम निळा मोरचूद.

पुस्तकातून १५९.६ उचललंत तर ३.९९ ग्रॅम येतील, आणि तेवढा निळा मोरचूद घातला तर द्रावण ०.०६४ मोलारच होईल. रंग निळाच दिसेल, डोळ्यांना काही कळणार नाही. बाटलीवर पदार्थाच्या नावापुढे ‘पेंटाहायड्रेट’, ‘डायहायड्रेट’ असं काही लिहिलंय का ते बघा आणि बाटलीवरचंच रेणुवस्तुमान वापरा.

शेतीत हेच शुद्धतेच्या रूपात येतं. द्राक्षबागेत जीएचा, म्हणजे जिबरेलिक ॲसिडचा, फवारा पीपीएममध्ये सांगतात. पाण्यासाठी १ पीपीएम म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम, त्यामुळे १०० लिटरला १ ग्रॅम म्हणजे १० पीपीएम, हे बागायतदारांना तोंडपाठ असतं. पण तो १ ग्रॅम शुद्ध जीएचा. २०० लिटरचं २० पीपीएम द्रावण करायला शुद्ध ४ ग्रॅम लागतील. पुडीवर ९० टक्के असेल तर ४ ÷ ०.९ = ४.४ ग्रॅम, ४० टक्क्यांचं विद्राव्य उत्पादन असेल तर १० ग्रॅम. शेजाऱ्याची ग्रॅममधली मात्रा विचारून स्वतःच्या पुडीला लावणं यासाठीच धोक्याचं. पीपीएम विचारा, ग्रॅम स्वतः काढा.

विहीर आणि टीसीएल

गावातल्या विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतात तेव्हा दोन्ही जागा एकदम सांभाळाव्या लागतात.

खालची जागा: विहिरीत पाणी किती? गोल विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजा. व्यास ३ मीटर, पाणी ४ मीटर असेल तर

३.१४ × ३ × ३ × ४ ÷ ४ = २८.२६ घनमीटर, म्हणजे २८,२६० लिटर.

खोली पाण्याची, विहिरीची नव्हे. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात हा आकडा दुपटी-तिपटीनं बदलतो, म्हणून मागच्या वेळचा आकडा वहीतून उचलू नये.

वरची जागा: ठोकताळा असा की चांगल्या प्रतीची पावडर १००० लिटरला २.५ ग्रॅम. आपल्या विहिरीला २८.२६ × २.५ = सुमारे ७१ ग्रॅम. ताज्या पावडरीत उपयोगी क्लोरीन साधारण ३३ टक्के असतो, म्हणजे २.५ ग्रॅममध्ये ०.८२५ ग्रॅम, आणि लिटरला ०.८ मिलिग्रॅम. पण उघड्या, दमट पोत्यातून क्लोरीन उडत राहतो. समजा तपासणीत १५ टक्केच भरला. मग तेवढ्याच परिणामासाठी २.५ × ३३ ÷ १५ = ५.५ ग्रॅम दर हजार लिटरला, विहिरीला १५५ ग्रॅम.

पावडर थेट विहिरीत फेकू नका. बादलीत थोड्या पाण्यात घट्ट कालवा, एका बादलीला १०० ग्रॅमच्या वर नको, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा आणि ५-१० मिनिटं ठेवा. चुना खाली बसतो, तो टाकून द्यायचा. वरची निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरानं पाण्यात सोडायची आणि वरखाली हलवायची.

आणि इथे गणिताची हद्द संपते. लिटरला ०.८ मिलिग्रॅम ही टाकलेली संहती. पाण्यातला पालापाचोळा, गाळ, जंतू त्यातला काही क्लोरीन खाऊन टाकतात. म्हणून तासाभरानं ओटी टेस्ट (क्लोरीन असला की पाणी पिवळं करणाऱ्या ऑर्थोटोलिडिनची चाचणी) करून उरलेला क्लोरीन पाहतात. तो लिटरला किमान ०.५ मिलिग्रॅम असायला हवा. ओटीचा पिवळा रंग लगेच, पहिल्या १० सेकंदांत वाचायचा. उशीर केला की दुसऱ्या संयुगांतला क्लोरीनही त्यात मिसळून दिसतो. कमी आला तर पाण्याचीच भूक जास्त आहे, मात्रा वाढवा.

दाटावरून पातळ

तयार दाट द्रावणातून पातळ करताना एकच गोष्ट धरून ठेवायची: पाणी घातल्यानं रेघेच्या वरचा पदार्थ बदलत नाही. म्हणून आधीची संहती × आधीचं आकारमान = नंतरची संहती × नंतरचं आकारमान. एकक कुठलंही चालेल, दोन्ही बाजूंना सारखं हवं.

कोविडच्या काळात सगळ्यांना माहीत झालेलं जागतिक आरोग्य संघटनेचं हँडरबचं सूत्र घ्या. १० लिटरसाठी ९६ टक्के इथेनॉल ८३३३ मिली. ८३३३ × ९६ ÷ १०,००० = ८० टक्के. ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिली, म्हणजे ४१७ × ३ ÷ १०,००० = ०.१२५ टक्के. १० लिटर हे शेवटचं आकारमान आहे. सगळं घालून झाल्यावर तिथपर्यंत पाणी भरायचं.

‘एकास दहा’ हे शब्द मात्र मला खटकतात. एक भाग औषध आणि दहा भाग पाणी, की एक भाग औषध आणि एकूण दहा भाग? पहिल्यात संहती अकरावा हिस्सा, दुसऱ्यात दहावा. फरशी पुसायला काही फरक पडत नाही, प्रयोगशाळेत पडतो. लिहिताना ‘१० मिली घेऊन १०० मिलीपर्यंत’ असं लिहावं.

बाटलीतल्या दाट ॲसिडचं गणित थोडं लांब पडतं, कारण लेबलावर मोलारिटी नसते. वजनी टक्के आणि घनता असते. हायड्रोक्लोरिक ॲसिड ३७ टक्के, घनता १.१८. १ लिटर ॲसिडचं वजन ११८० ग्रॅम, त्यातलं शुद्ध ११८० × ०.३७ = ४३६.६ ग्रॅम, त्याला ३६.४६ नं भागलं की ११.९७, म्हणजे १२ मोलार. १ मोलार द्रावण १ लिटर हवं असेल तर १००० × १ ÷ ११.९७ = ८३.५ मिली. ९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिडचं (घनता १.८४) याच वाटेनं १८.४ मोलार येतं. घनता विसरून ३७ टक्के म्हणजे लिटरला ३७० ग्रॅम धरलंत तर उत्तर १०.१ येईल, चांगलंच कमी. आणि ॲसिड पाण्यात, सावकाश, ढवळत. पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. चष्मा लावा.

संहती माहीतच नसेल तर

उसाच्या किंवा द्राक्षाच्या रसासाठी रिफ्रॅक्टोमीटर आहे; रसातून प्रकाश किती वाकतो त्यावरून तो ब्रिक्स सांगतो. ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात साखरेचे ग्रॅम, १०० मिलीत नव्हे. २० ब्रिक्सच्या रसाची घनता सुमारे १.०८, म्हणून लिटरला २०० नव्हे, २१६ ग्रॅम. तोही साखर म्हणून मोजतो ते सगळेच विरघळलेले घन पदार्थ. टीडीएस मीटर तर पाण्याची विद्युतवाहकता पाहून अंदाज बांधतो. साखर वीज वाहत नाही, त्यामुळे साखरपाण्यात तो जवळपास आंधळा.

विशिष्ट पदार्थच मोजायचा तर अनुमापन, म्हणजे टायट्रेशन. स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर घेऊ. १० मिली पिपेटनं घ्या, व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये १०० मिलीपर्यंत पातळ करा. त्यातलं १० मिली शंकुपात्रात, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलिन (ॲसिड संपलं की गुलाबी होणारा दर्शक), आणि ब्युरेटमध्ये ०.१ मोलार सोडियम हायड्रॉक्साइड. फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की थांबा. गडद गुलाबी म्हणजे पुढे गेलात. हायड्रॉक्साइड हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, म्हणून नुसतं वजन करून त्याची संहती ठरवता येत नाही. आधी ऑक्झॅलिक ॲसिडच्या द्रावणाशी ताडून घ्यावी लागते.

समजा वाचनं ६.९, ६.८, ६.८ मिली आली. जुळणारी दोन धरा. ६.८ × ०.१ = ०.६८ मिलिमोल हायड्रॉक्साइड. ॲसेटिक ॲसिड त्याच्याशी एकास एक जुळतं, म्हणून तेवढंच ॲसिड १० मिलीत, म्हणजे ०.०६८ मोलार. आपण दहापट पातळ केलं होतं, म्हणून मूळ व्हिनेगर ०.६८ मोलार. गुणिले ६०.०५, लिटरला ४०.८ ग्रॅम, म्हणजे १०० मिलीत ४.१ ग्रॅम.

मोबाईल ४.०८३४ दाखवेल, पण तेवढं लिहू नका. ६.८ मिलीच्या वाचनात ०.१ मिलीची चूक धरली तर उत्तरात दीड टक्का इकडेतिकडे होतो, तेव्हा ४.१ च्या पुढचे आकडे पोकळ आहेत. ते खरे करायचे असतील तर व्हिनेगर कमी पातळ करा: १० ऐवजी २५ मिली घेऊन १०० करा. वाचन १७ मिलीच्या आसपास येईल आणि तीच ०.१ मिलीची चूक ०.६ टक्क्यावर उतरेल. गुणायचं मात्र दहानं नाही, चारनं.